औंढ्याचे ‘हेमाडपंती’ देऊळ आणि मेद उतरवण्याची जुनी रीत

औंढा नागनाथच्या देवळात देव समोर दिसत नाही, तो खाली आहे. मंडपातून आत गेल्यावर जमिनीत उतरणाऱ्या अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकून, उभ्या पायऱ्या उतराव्या लागतात. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला या वाटेवर जी गर्दी होते, तिच्यात सडपातळ माणूस सहज सरकतो. स्थूल माणसाला मात्र दोन्ही खांदे भिंतींना घासत आपल्या देहाचे माप कळते.

हिंगोली जिल्ह्यातल्या या देवळाची ओळख करून देताना दोन शब्द हमखास येतात. एक ‘ज्योतिर्लिंग’. नागेश नेमका कुठला, यावर द्वारका आणि अल्मोड्याजवळचे जागेश्वर यांचाही दावा आहे. तो वाद इथे बाजूला ठेवू. दुसरा शब्द ‘हेमाडपंती’. या धाग्याचा विषय त्या दुसऱ्या शब्दातला माणूस आहे. कारण ज्याचे नाव महाराष्ट्राने दगडी देवळांना दिले, त्याने देहावर साठणाऱ्या मेदाविषयी आणि तो उतरवणाऱ्या रोजच्या सवयींविषयी लिहिलेल्या एका ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली आहे. ही गोष्ट देवळाच्या माहितीफलकांवर सहसा नसते.

हेमाद्री, लोकांच्या तोंडी हेमाडपंत. देवगिरीच्या यादवांचा ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या लेखनव्यवहाराचा प्रमुख. महादेव यादव (१२६१–१२७१) आणि त्यानंतर रामचंद्र (१२७१–१३११) या दोघांच्या कारकिर्दीत तो मोठ्या अधिकारावर होता. मोडी लिपी त्यानेच आणली, असे परंपरा सांगते. देवळे बांधण्याची पद्धत त्याचीच, असेही सांगते. यातले दुसरे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० चे आहे आणि त्याच घडणीची कित्येक देवळे हेमाद्रीच्या जन्माआधी उभी होती. ‘हेमाडपंती’ हे लोकांनी एका काळाला दिलेले नाव आहे. औंढ्याच्या देवळाचा तारकाकृती तळ, हत्तींचे थर आणि कोरीव भिंती यादवकाळातल्या मानल्या जातात. वरचा चुन्याचा भाग नंतरचा आहे आणि परंपरा तो अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराशी जोडते.

देवळे त्याची असोत वा नसोत, ग्रंथ त्याचे आहेत. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रह सर्वांना ऐकून माहीत असतो. त्याच्या व्रतखंडात यादवांची वंशावळ आली आहे आणि रा. गो. भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना तिचा भरपूर उपयोग केला. याच हेमाद्रीचा तुलनेने अप्रसिद्ध ग्रंथ म्हणजे ‘आयुर्वेदरसायन’, वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरची टीका. राज्याचा कारभार पाहणाऱ्याने वैद्यकावर का लिहावे, असा प्रश्न आज पडतो. यादवांच्या दरबारात तो पडला नसता. त्याच्या आधी सिंघण यादवाच्या पदरी असलेला ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेव हादेखील श्रीकरणाधिपच होता आणि वैद्यकात जाणकार होता, संगीताच्या त्या ग्रंथाचा आरंभच देहाच्या उत्पत्तीपासून होतो. हेमाद्रीच्या आश्रयाला असलेला बोपदेव व्याकरणकार म्हणून गाजला, पण त्याचे वडील केशव वैद्य होते आणि स्वतः बोपदेवानेही वैद्यकावर लिहिले. हिशेब, व्याकरण, गाणे आणि वैद्यक या विद्या तेव्हा शेजारी शेजारी बसत.

‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय ‘दिनचर्या’ या नावाचा आहे. पहाटे उठणे, दात घासणे, अंगाला तेल लावणे, व्यायाम, अंगाला कोरडी पूड चोळून लावणे, स्नान, मग जेवण. आणि तेही आधीचे जिरल्यावर. यादी ओळखीची वाटते, कारण दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग आणि उटणे हा तिचाच उरलेला अवशेष आहे. एके काळी जे रोजचे होते, ते आता वर्षातून एका पहाटेवर येऊन थांबले. त्या उटण्याचा, म्हणजे उद्वर्तनाचा, वाग्भटाने सांगितलेला उपयोग मात्र सुगंधाचा नाही. ते कफ कमी करते आणि मेद विरघळवते, असे तो म्हणतो.

व्यायामाचेही तसेच. त्याची फळे सांगताना शरीराचे हलकेपण, कामाची ताकद, प्रदीप्त अग्नी आणि मेदाचा क्षय ही क्रमाने येतात. मात्र लगेच अट येते: बलवान माणसाने आणि स्निग्ध खाणाऱ्यानेदेखील अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती ओळखायची कशी? सुश्रुताची खूण सोपी आहे. श्वास तोंडाने येऊ लागला की थांबावे. त्यापुढे जाणाऱ्याला तहान, दम, खोकला, ताप आणि क्षय यांची भीती दाखवली आहे आणि दृष्टान्त दिला आहे तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा.

हे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. दिनचर्येच्या अध्यायात मेद हा स्वतंत्र शत्रू नाही. तो रोजच्या नीट चाललेल्या दिवसाचा एक परिणाम म्हणून आपोआप कमी होतो. मेदाचा खरा विचार पुढे चौदाव्या अध्यायात आहे आणि तिथे सूर बदलतो. कृशपणा आणि स्थूलपणा यांत निवड करायची झाली तर कृशपणा बरा, कारण स्थूलाला औषध नाही, इतके निर्वाणीचे विधान वाग्भट करतो.

औषध नाही, असे का? याचे उत्तर चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांविषयी आहे आणि त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीच चर्चा विस्ताराने येते. अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत: आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतला मंदपणा, मैथुनातली अडचण, दुबळेपणा, दुर्गंध, घाम, आणि शेवटचे दोन म्हणजे अतिशय भूक व अतिशय तहान. कारणांच्या यादीत जड, गोड, स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप, सदा आनंदी नि निश्चिंत असणे, आणि बीजस्वभाव. म्हणजे काही जणांचा देह जन्मतःच तसा असतो, हे चरकाने मान्य केले आहे. लठ्ठ माणसाला आळशी ठरवून मोकळे होणाऱ्यांनी हा एक शब्द जरूर वाचावा.

त्या भुकेचा उलगडा चरकाने आपल्या सिद्धान्ताच्या चौकटीत केला आहे. मेदाने शरीरातले मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरत राहतो, तो जठराग्नी फुलवतो, अग्नी अन्न झपाट्याने पचवतो आणि पुन्हा मागतो. खाल्लेले मेदातच जाते, इतर धातूंना मिळत नाही. म्हणून स्थूल माणूस अधिक खातो आणि तरीही दुबळा राहतो. खायला मिळाले नाही तर हाच अग्नी आणि वायू त्याला वणव्यासारखा जाळतो. वायूचे हे गणित आजचे शरीरशास्त्र मानत नाही. पण ज्या अनुभवातून ते निघाले तो अनुभव खरा आहे: अन्न एकदम तोडले की भूक सूड घेते. अमेरिकेत १९४४–४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून जो प्रयोग केला, त्यात ही माणसे दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली आणि प्रयोग संपल्यावरही कित्येकांची भूक भागेना.

म्हणून स्थूलाला काय द्यावे, याचे चरकाचे आणि वाग्भटाचे उत्तर चतुर आहे. असे अन्न द्यावे जे पचायला जड, पण पोषणाला हलके. जडपणामुळे भडकलेला अग्नी गुंतून राहतो आणि हलकेपणामुळे मेदात भर पडत नाही. वाग्भटाची यादी अशी: हुलगे, जूर्ण, सावा, जव, मूग, मध घातलेले पाणी, दह्याची निवळ, घुसळलेले ताक. ‘जूर्ण’ म्हणजे जोंधळा, असे अनेक अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर औंढ्याच्या शिवारातला गरिबाचा रोजचा आहार, म्हणजे ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मुगाचे वरण आणि ताक, हा श्रीमंताच्या मेदावरचा उपचार होता. यादी इथेच संपत नाही. तिच्यात जागरण आहे, चिंता आहे, रेचन आहे, रक्त काढणेही आहे. जुने ते सगळे सोने असे समजून समाजमाध्यमांवर ‘प्राचीन उपाय’ वाटणाऱ्यांनी यादीचा हा उत्तरार्धही छापावा.

आता मुख्य मुद्दा. पथ्य कोणते हे सांगणे सोपे असते. वर्षानुवर्षे अपथ्यात मुरलेल्या माणसाने त्यावर यायचे कसे? सवय लागते कशी आणि सुटते कशी, या प्रश्नाला आयुर्वेदाने स्वतंत्र जागा दिली आहे. तिचे नाव ‘पादांशिक क्रम’. पाद म्हणजे पाव हिस्सा.

वाग्भट म्हणतो त्याचा आशय असा की अंगवळणी पडलेले अपथ्य एकदम सोडू नये. पाव हिस्सा सोडावा, त्या जागी पथ्याचा पाव हिस्सा घ्यावा. मग मध्ये काही काळ थांबावे. मग दुसरा पाव. मग पुन्हा थांबावे, थोडे अधिक. असे करत चारही हिस्से बदलावेत. एवढेही झेपत नसेल तर पावाचाही पाव, म्हणजे सोळावा हिस्सा. एक, दोन, तीन असे वाढते अंतर ठेवायचे ते वेळच्या जेवणांचे की दिवसांचे, यावर टीकाकारांत चर्चा आहे. क्रम मात्र सर्वांना मान्य आहे.

उदाहरण घेऊ. एखाद्या सुखवस्तू माणसाला रोज तूपभात आणि गोडाची सवय आहे. त्याच्या ताटाचे मनात चार भाग करावेत. पहिल्या दिवशी तीन भाग नेहमीचे, एक भाग जवाचा. तो पचनी पडला की दोन आणि दोन. ते काही दिवस टिकू द्यायचे. मग एक आणि तीन. शेवटी चारही भाग जवाचे. वाटेत कुठेही उडी नाही.

इतका सावकाशपणा कशासाठी, याचे कारण त्या पद्धतीइतकेच मोलाचे आहे. या शास्त्रात ‘सात्म्य’ नावाची कल्पना आहे. रोज सेवन केलेली वस्तू, मग ती वाईट का असेना, देहाशी एकजीव होते. देह तिच्याभोवती आपली घडी बसवतो. ती एका झटक्यात काढून घेतली तर ती वाईट होती म्हणून देह आनंदाने सावरत नाही, उलट आजारी पडतो. चांगली वस्तू अचानक सुरू केली तरी तेच. म्हणजे पथ्यसुद्धा घाईने घेतले तर अपथ्य होते. क्रमाने सोडलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने मिळवलेले गुण हलत नाहीत, असा भरवसा चरक आणि वाग्भट दोघेही देतात. स्थूलपणा उतरवू इच्छिणाऱ्याने जागरण, व्यायाम, विचार हे सगळे वाढवावे असे सांगतानाही चरक ‘क्रमाने’ हा शब्द विसरत नाही.

हेमाद्री ज्या ग्रंथावर टीका लिहीत होता, त्याच्या पोटात हा पाव हिस्सा होता. आहाराच्या मात्रेतही तोच. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन घन अन्नाने भरावेत, एक पाण्याने, चौथा रिकामा ठेवावा, वायूच्या वावरासाठी. मापाला तराजू लागत नाही, वाटी लागत नाही. हात थांबवण्याची सवय लागते.

हा विचार संस्कृतातच अडकून राहिला नाही. रामचंद्र यादवाच्याच राज्यात, १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहार युक्त असावा असे दोन श्लोक आहेत. ज्ञानेश्वरांनी त्यांवर मराठीत भाष्य करताना आहारापाशीच न थांबता बोलणे, चालणे आणि झोपणे यांनाही माप लावले. अर्थात तिथे प्रयोजन योगाचे आहे, मेदाचे नाही. तरीही देवगिरीच्या अधिकाऱ्याने विद्वानांसाठी ज्यावर लिहिले, तेच काही योजनांवर, त्याच पिढीत, कुणब्याला कळेल अशा भाषेत बोलले गेले, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

या सगळ्यात एक गोष्ट कुठेच नाही: वजन. वाग्भट, चरक, हेमाद्री यांपैकी कोणीही रोग्याला तराजूत बसवत नाही. उपचार लागू पडला हे ओळखायचे ते अंगाच्या हलकेपणावरून, स्वच्छ ढेकरेवरून, तोंडाला आलेल्या चवीवरून, ग्लानी जाण्यावरून, भूक आणि तहान एकत्र लागण्यावरून. माणसाचा देह तराजूत पडे तो वेगळ्याच कारणाने आणि त्याचे वर्णनही हेमाद्रीच्याच दानखंडात आहे. ते म्हणजे तुलापुरुष दान. राजा एका पारड्यात, सोने दुसऱ्यात. तिथे देह जितका भारी तितके दान मोठे. पुढे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांची तुला झाली ती याच परंपरेतली.

आरोग्यासाठी स्वतःला रोज तोलणारा पहिला प्रसिद्ध माणूस इटलीतल्या पाडुआचा वैद्य सांतोरिओ. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो जेवे आणि आत गेलेले व बाहेर पडलेले यांचा हिशेब मांडे. त्याचा ग्रंथ १६१४ चा. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने मांडले, तेही लठ्ठपणासाठी नव्हे, तर ‘सरासरी माणूस’ शोधण्यासाठी. त्याला आज सर्वतोमुखी असलेले ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळाले १९७२ साली आणि देणारे होते तेच मिनेसोटावाले ॲन्सेल कीज.

१९७२ हा आकडा मराठवाड्यात वेगळ्या कारणाने लक्षात आहे. तिकडे शास्त्रज्ञ मेदाचे सूत्र पक्के करत होते तेव्हा इकडे दुष्काळ होता. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, सुकडी खात होते, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ‘मिलो’ ज्वारीच्या भाकरी करत होते. मेदाच्या इतिहासाची ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय तो खोटा ठरतो. चरकाने सांगितलेली कारणे पुन्हा पाहावीत: जड गोड अन्न, दिवसाची झोप, चिंता नसणे. तेराव्या शतकात ही चैन कोणाला परवडत होती? देवगिरीच्या दरबाराला, अग्रहारातल्या काही घरांना, सावकारांना. नांगर धरणाऱ्याला व्यायामाचा अध्याय लागत नव्हता आणि जात्यावर दळणारीला पहाटे उठण्याचा उपदेशही लागत नव्हता. त्यांच्यापुढचा प्रश्न उलटा होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० चा दुष्काळ, आणि मधले-नंतरचे कित्येक. दिनचर्या हा पोट भरलेल्यांचा ग्रंथ होता.

मुद्दाम व्यायाम करणारा आणखी एक वर्ग मात्र होता: मल्ल. औंढ्याचा हा मुलूख यादवांच्या आधी कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (सुमारे ११२९) मल्लांच्या रोजच्या श्रमांची नावेच दिली आहेत. भारश्रम म्हणजे वजन उचलणे, भ्रमणश्रम म्हणजे चालणे, सलिलश्रम म्हणजे पोहणे, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरचा व्यायाम. नऊशे वर्षांपूर्वी ‘चालणे’ हा व्यायामाचा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदला गेला होता, तोही पैलवानांसाठी.

मग सामान्य माणसाच्या दिवसात हेमाद्री शिरला कुठून? वैद्यकातून नाही, व्रतांतून. ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा व्रतखंड म्हणजे तिथी, वार, महिने यांना बांधलेल्या शेकडो व्रतांचा कोश. त्यात खाण्याला घातलेले बांध अनेक प्रकारचे आहेत. एकभुक्त म्हणजे दुपारी एकदाच जेवणे, नक्त म्हणजे दिवसभर न खाता रात्री जेवणे, अयाचित म्हणजे न मागता मिळेल तेवढेच खाणे, आणि पूर्ण उपवास. चांद्रायणात तर चंद्राच्या कलेबरोबर घास मोजायचे: शुक्ल पक्षात एकेक वाढवत पंधरापर्यंत, कृष्ण पक्षात एकेक कमी करत शून्यापर्यंत. धर्मशास्त्राने हे प्रायश्चित्त म्हणून सांगितले. पण घासांची ही चढण-उतरण पाहिली की पादांशिक क्रमाची आठवण होतेच. दोन्हीकडे देहाला धक्का द्यायचा नाही, वळवायचे आहे.

इथे सावधपणा हवा. व्रते म्हणजे ‘प्राचीन डाएट’ होत, असे म्हणणे हा इतिहास नव्हे. व्रत करणाऱ्याला पुण्य हवे होते, पापक्षय हवा होता, नवस फेडायचा होता. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ती कथा औंढ्याच्याच देवळातली आहे, आणि नामदेवांचे नरसी गाव याच जिल्ह्यात. त्या कथेतला गुरू पिंडीवर पाय ठेवून पहुडलेला आहे आणि शिष्याला कर्मकांडापलीकडचे दाखवतो आहे. संतांच्या या परंपरेने नुसत्या देहदंडाला कधी मोठे मानले नाही. मेदाचा विषय तिथे काढणेही हास्यास्पद ठरेल.

तरी सवयींच्या इतिहासात व्रतांना जागा आहे, कारण टिकले ते व्रतच. हेमाद्रीच्या एका ग्रंथातले विधी पोथ्या, पुराणिक आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका यांच्या तोंडून शतकानुशतके उतरत आले. दुसऱ्या ग्रंथातली दिनचर्या वैद्यांच्या फडताळात राहिली. अरुणदत्ताच्या टीकेबरोबर ‘आयुर्वेदरसायन’ही घेऊन हरिशास्त्री पराडकरांनी सिद्ध केलेली ‘अष्टांगहृदया’ची आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३९ साली निघाली, ती वाचणारे प्रामुख्याने वैद्यच. व्रत घरोघर गेले, पाव हिस्सा गेला नाही.

आणि जे घरोघर गेले, त्याच्या ताटात काय उरले ते पाहण्याजोगे आहे. हेमाद्रीच्या काळच्या हविष्यान्नात सावा, जव, मूग, दूध, तूप, कंद, फळे. आजच्या श्रावणी सोमवारच्या ताटात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळे आणि मिरची. यांतली एकही वस्तू हेमाद्रीने पाहिलेली नव्हती. या साऱ्यांची मुळे अमेरिका खंडात आहेत आणि पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर ती इकडे पसरली. साबुदाण्याची गोष्ट तर आणखी अलीकडची. पूर्वी तो मलायाकडच्या ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यापासून होई. कसावाचा कंद त्रावणकोरमध्ये रुजवण्यात विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८०–१८८५) या राजाचा मोठा वाटा होता, आणि दुसऱ्या महायुद्धात मलायाचा माल बंद झाल्यावर १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलममध्ये त्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे ‘परंपरागत’ खिचडीचा आजचा दाणा देशाच्या स्वातंत्र्याहून फारसा जुना नाही. जुन्या यादीतली एकच वस्तू ताटात तग धरून आहे: भगर, सावा-वरीच्या कुळातली. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कोणत्या शतकात जन्मली ते सांगता येत नाही. पण साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू हे ताट समोर ठेवले की तिचा अर्थ लावावा लागत नाही.

जोंधळ्याचे उलट झाले. वाग्भटाच्या यादीतले हे धान्य मराठवाड्यात गरिबीची खूण ठरले. रेशनच्या गहू-तांदळाने चुलीवरची आणि सोयाबीनने शेतातली त्याची जागा घेतली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास चौथा हिस्सा प्रमाणापेक्षा जास्त वजनाचा आढळला, आणि त्याच पाहणीत साधारण पाचवा हिस्सा प्रमाणापेक्षा कमी वजनाचा. चरकाने एकाच अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश शेजारी बसवले होते. त्याच्या काळी त्यांचे वाडे वेगळे असत. आज ते एकाच गल्लीत, कधी एकाच घरात सापडतात.

औंढ्याला सोमवारी दर्शन करून वर आले की देवळाबाहेर फराळाच्या गाड्या लागलेल्या असतात. खिचडीची परात वाफाळत असते. बाजारात, जरा आत गेले तर, धान्याच्या दुकानात हुलग्याचे पोतेही उघडे ठेवलेले दिसते. ते आता बहुतेक बैलांसाठी विकत घेतले जाते.